पहिले दोन शब्द

१

लिफ्ट तपासणाऱ्या माणसाने भुताखेतांवर विश्वास ठेवायचा म्हटलं तर त्याचं पोट भरायचं नाही. आमच्या धंद्यात रोज कोणीतरी सांगतं, साहेब, मधल्याच मजल्यावर लिफ्ट आपोआप थांबते, दार उघडतं आणि आत कोणी नसतं. मी मुकाट्याने पॅनेलचं झाकण काढतो आणि चिकटलेला रिले दाखवतो. प्रत्येक आवाजाला कारण असतं आणि बहुतेक वेळा ते कारण म्हणजे धूळ असते. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचून कोणी मला हळवा म्हणायला नको. हळवा मी आहेच, पण कानांनी नाही.

माझी बायको जाऊन बरीच वर्षं झाली. ती गेली त्या तारखेला मी दरवर्षी दुपारची रजा टाकतो आणि सासुरवाडीला जातो. सासू, सासरे, मेहुणा आणि त्याची बायको, एवढीच माणसं. चहा होतो, मग सगळे जेवणाच्या टेबलाभोवती बसतात. एकेकाने उठून टेबलाच्या टोकाशी उभं राहायचं आणि तिची एक आठवण सांगायची. सासूबाईंनी पहिल्याच वर्षी अट घातली होती. ज्याची जी आठवण ठरली ती ठरली. दरवर्षी तीच, आणि त्याच शब्दांत.

"दर वेळी नवीन सांगत बसलात तर चार वर्षांत थापा मारायला लागाल," त्या म्हणाल्या होत्या. "माझ्या पोरीला कोणी रंगरंगोटी करायची नाही."

एखादं वाक्य मागेपुढे झालं तरी त्या टेबलावर बोट आपटतात. त्यामुळे आमच्या आठवणी आम्हाला तोंडपाठ झाल्या. मला ती कल्पना तेव्हा फार शहाणपणाची वाटली होती. आजही मी सासूबाईंना दोष देत नाही. आपण दरवर्षी नाटकाचा प्रयोग लावतोय, हे आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

२

बायको प्रॉम्प्टर होती. प्रयोग चालू असताना विंगेत उभं राहायचं, हातातल्या संहितेवर नजर ठेवायची आणि नट अडला की त्याला वाक्य पुरवायचं. नाटकवाले तिला 'कुजबुज' म्हणायचे. तिला ते नाव आवडायचं, कारण ते तिने कमावलं होतं.

तिचे नियम कडक होते. उभं राहायचं ते नेहमी नटाच्या डाव्या हाताला. खुर्ची कोणी दिली तरी घ्यायची नाही. पाय दुखले तर या पायावरचं वजन त्या पायावर घ्यायचं. आणि वाक्याचे पहिले दोन शब्द द्यायचे, तिसरा नाही. "दोन शब्द देऊनही ज्याला पुढचं आठवत नाही, त्याने घरी जाऊन झोपावं," ती म्हणायची.

पण तिची खरी विद्या वेगळीच होती. रंगमंचावर नट गप्प झाला, तर तो विसरलाय की मुद्दाम थांबलाय हे तिला कळायचं. विसरलेल्याला तिचे शब्द मिळायचे, थांबलेल्याला नाही. एका मुरलेल्या नटाने तालमीत तिची परीक्षा घ्यायची म्हणून खोटंच विसरल्याचं सोंग केलं, घाम पुसला, डोळे गरगरा फिरवले. ही आपली संहितेचं पान बोटात धरून शांत उभी. शेवटी तोच हसला आणि येऊन तिच्या पाया पडायला निघाला. मी तिला विचारलं, तुला कळतं कसं? म्हणाली, "विसरलेल्या माणसाचा श्वास वर अडकतो. थांबलेल्याचा खाली बसलेला असतो." मी यंत्रं तपासण्यात आयुष्य घालवलं, पण माणसाची इतकी बारीक तपासणी करणारं दुसरं कोणी पाहिलं नाही. मला तिचा अभिमान होता आणि आहे.

आमची ओळखही तिथलीच. नाट्यगृहाची मालवाहू लिफ्ट अडकली म्हणून मला भर प्रयोगात बोलावलं होतं. मी बॅग घेऊन विंगेत शिरलो आणि नेमका तिच्या आणि रंगमंचाच्या मध्ये जाऊन उभा राहिलो. तिने मान वर न करता माझा दंड धरला आणि म्हणाली, "बाजूला व्हा, राजा मरतोय."

मी बाजूला झालो. राजा मेला. त्याच क्षणी माझंही आटोपलं, असं मी पुढे सगळ्यांना सांगत असे. टेबलाशी उभं राहून दरवर्षी मी सांगतो ती आठवण हीच.

कुठे पूर्ण नाव सांगायची वेळ आली की तिच्या नावामागून माझं नाव यायचं. तिला त्याची गंमत वाटायची. "बघ, माझ्या पाठोपाठ लगेच तुझी एंट्री," असं म्हणायची.

तिचा आवाज मात्र कुठे उरला नाही. नाटकांची रेकॉर्डिंग माझ्याकडे आहेत. कान लावून, आवाज वाढवून मी ती किती वेळा ऐकली असतील. प्रेक्षकांतला खोकला ऐकू येतो, खुर्ची करकरते ती ऐकू येते, ती नाही. चांगल्या प्रॉम्प्टरचा आवाज नटाच्या पुढे जातच नाही. ती चांगली नव्हती, उत्तम होती, आणि त्याचीच शिक्षा मी भोगत होतो. एकदा, फक्त एकदा तो आवाज कानावर पडावा, एवढंच मला हवं होतं.

३

यंदा सासऱ्यांनी दार उघडलं आणि मला विचारलं, "पंख्याचं काम करायला आलात ना?"

बाबा जन्मभर बस चालवत होते. शहरातला प्रत्येक रस्ता त्यांना पाठ होता. दोन वर्षांपासून त्यांना न्हाणीघर कुठे आहे तेही सांगावं लागतं. मी म्हटलं, "हो, बाबा. आधी चहा घेतो, मग बघतो."

"चहा घ्या की. पण आमच्या हिच्या हातचा आहे, जपून," ते म्हणाले, आणि डोळा मारला. विसरभोळेपणाने सगळं नेलं, तरी बायकोची टिंगल तेवढी मागे ठेवली होती.

मेहुणा टेबल पुसत होता. तो दातांचा डॉक्टर आहे. समोरच्याचं तोंड उघडं ठेवायचं आणि आपण एकट्यानेच बोलायचं, अशी त्याला धंद्याची सवय. "जावईबापू, आज बाबांना वगळू या," तो हळूच म्हणाला. "त्यांना ताई कोण तेच आठवत नाही. मध्येच अडकले तर आई पार कोसळेल."

"मागच्या वर्षी तर धडाधड बोलले होते."

"हो," तो म्हणाला आणि पुसलेलं टेबल पुन्हा पुसायला लागला. "काही आठवत नसताना. तेच म्हणतोय मी."

टेबलाच्या टोकाशी उभं राहिलं की डाव्या हाताला मागच्या खोल्यांकडे जाणारा पॅसेज येतो. त्याच्या तोंडाशी जाड हिरवा पडदा. पडद्याच्या लगेच मागची एक फरशी सुटी आहे. पाय पडला की टक् वाजते, पाय उचलला की पुन्हा टक्. मेहुणा दरवर्षी ती बसवून घेणार असतो.

आम्ही पाचही जण बाहेरच्या खोलीत होतो, आणि फरशी वाजली.

एकदाच वाजली. मी कप हातात धरून दुसऱ्या आवाजाची वाट पाहिली. तो आला नाही. फरशीवर वजन आलं होतं आणि ते तिथून गेलं नव्हतं.

४

उन्हाने फरशी तापते, चुना फुगतो, असं मी मनाशी म्हटलं आणि कप ठेवायला स्वयंपाकघरात गेलो. तोवर मेहुण्याची बायको तिथे भांडी धुवायला आली होती. वहिनी बँकेत काम करते, बोलते मोजकं.

"वहिनी, मागच्या वर्षी तुम्ही मध्येच अडला होतात," मी म्हटलं. "मग एकदम डावीकडे मान केलीत आणि पुढचं सगळं सांगितलंत."

तिने नळ बंद केला. "मग? अडल्यावर काय करणार? ऐकलं आणि सांगितलं."

"काय ऐकलं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. आधी तिला वाटलं मी थट्टा करतोय. मग तिचा चेहरा उतरला. "भावोजी, तुम्हाला येत नाही ऐकू?"

मी कप बेसिनमध्ये ठेवला.

"आम्हाला वाटायचं तुम्हालाच सगळ्यात जास्त येत असेल," ती म्हणाली. "म्हणून तर कोणी विषय काढला नाही. यांना आलंय, आईंना दोनदा आलंय. पहिले दोन शब्द, बस्स. घाबरण्यासारखं काही नाही हो. आवाज इतका मऊ आहे. खरं सांगू? इतकं आपुलकीने मला माहेरीही कोणी सांभाळून घेतलं नाही."

मला भीती वाटायला हवी होती. वाटला तो हेवा. मी नवरा. दरवर्षी त्याच वाक्यापाशी माझा गळा दाटतो आणि मी गप्प उभा राहतो. त्या शांततेत आजवर मला कोणी एक अक्षर दिलं नव्हतं. बँकेतल्या वहिनीला दोन शब्द मिळतात, दातांच्या डॉक्टरला मिळतात, आणि माझ्या वाट्याला वाळलं पानसुद्धा नाही! मी बेसिनचा काठ धरून उभा राहिलो आणि मला रडू आलं.

वहिनीने पदर पुढे केला नाही की पाठीवर हात ठेवला नाही. नळ तेवढा पुन्हा सोडला, म्हणजे बाहेर आवाज जाऊ नये.

५

डोळे पुसून मी माझं नेहमीचं काम केलं. पॅसेजमध्ये गेलो आणि तपासलं. मागची खिडकी बंद. पंखा नाही. पाण्याचा पाइप उलट्या बाजूने जातो. भिंतीवर हात फिरवला, कान लावला. शेजारचा टीव्ही नाही, कबुतरं नाहीत. पडद्यामागे पॅसेजची रुंदी जेमतेम एका माणसाला उभं राहता येईल एवढी. मेहुणा लहान असताना पाहुण्यांसमोर कविता म्हणायला घाबरायचा आणि ताई याच पडद्याआडून त्याला शब्द सांगायची. त्याची आठवण तीच आहे. तिच्या कामाची सुरुवात इथेच झालेली.

सुट्या फरशीवर मी पाय ठेवला. ती वाजली नाही. जोर देऊन पाय दाबला, तरी नाही. ती आधीच दबलेली होती.

मी पाय काढून घेतला. काढताना "सॉरी" म्हणालो. का म्हणालो, ते मला विचारू नका.

६

सासूबाईंचं सांगून झालं, मेहुण्याचं झालं, वहिनीचं झालं. मेहुणा मला "आता तुम्ही" म्हणणार, इतक्यात बाबाच उभे राहिले आणि टेबलाच्या टोकाशी गेले. मेहुण्याने डोळे मिटून घेतले.

बाबा पडद्याकडे तोंड करून उभे राहिले. थोडी मान कलती केली. आणि बोलायला लागले.

एके काळी ते एका नाटक मंडळीची बस चालवत. पोरीला सोबत नेत. ती मागच्या बाकावर झोपायची. एकदा परतीच्या वाटेवर दोन नट भांडले, कोणाचं वाक्य चुकलं यावरून, आणि मागून झोपलेल्या पोरीने डोळे न उघडता दोघांचीही वाक्यं बरोबर म्हणून दाखवली. "मी गाडी बाजूला घेतली," बाबा म्हणाले, "आणि म्हटलं, उतरा सगळे आणि माझ्या लेकीच्या पाया पडा."

एक शब्द चुकला नाही. पण मी त्यांच्या छातीकडे बघत होतो. प्रत्येक वाक्याआधी त्यांचा श्वास वर अडकायचा. बाबा ऐकायचे, हसायचे आणि वाक्य बोलायचे. पुन्हा अडकायचे, पुन्हा ऐकायचे. अख्खी आठवण त्यांना दोन दोन शब्दांनी कोणीतरी हाताला धरून पार करून देत होतं. आणि ते इतके खूश होते, की इतकं खूश मी त्यांना त्यांच्या शहाण्या दिवसांतही पाहिलं नव्हतं.

तेव्हा मला उलगडलं. मला कधी शब्द मिळाले नाहीत, कारण मी कधी विसरलोच नाही. मी फक्त थांबत होतो, आणि थांबलेल्याला ती देत नाही. वा, बाई! मेल्यावरही तुझा अंदाज चुकत नाही! मला इतकं कौतुक वाटलं की क्षणभर सगळी भीती पळाली. मग दुसरा विचार आला आणि तिथेच बसला. तिचा आवाज ऐकायचा तर मला तिला विसरायला लागेल.

७

माझी पाळी आली. मी उभा राहिलो. डावीकडे पडदा होता, अगदी स्थिर.

नाट्यगृहाची मालवाहू लिफ्ट अडकल्यापासून मी सुरुवात केली. बॅग, विंग, अंधार. मध्येच एके ठिकाणी मी मुद्दाम गप्प झालो. कपाळ चोळलं, ओठ हलवले, जमेल तेवढं विसरल्याचं सोंग आणलं. मला तो आवाज हवाच होता. मेहुणा खाली मान घालून बसला. सासूबाईंचं बोट वर उचललेलं राहिलं.

काही आलं नाही. अर्थातच. मुरलेल्या नटाला जे साधलं नाही ते लिफ्टवाल्याला काय साधणार?

मी स्वतःशीच हसलो आणि पुढे गेलो. "मी नेमका तिच्या आणि रंगमंचाच्या मध्ये जाऊन उभा राहिलो. तिने मान वर न करता माझा दंड धरला आणि म्हणाली..."

आणि तिथे काहीच नव्हतं.

गळा दाटला नव्हता. डोळे कोरडे होते. वाक्य जिथे असायचं तिथे मी हात घातला आणि हाताला काही लागलं नाही. एकदा लिफ्टच्या उघड्या शाफ्टच्या काठावर, मागे न बघता एक पाऊल मागे टाकताना सोबत्याने माझी कॉलर धरली होती. तेच पाऊल मी आता पुन्हा टाकलं होतं. माझा श्वास वर गेला आणि वरच राहिला.

पडद्यामागून कोणीतरी ओठ ओले केल्याचा बारीक आवाज आला.

"बाजूला व्हा..."

अगदी कानाशी. कोमल, खालच्या पट्टीतला, घाई नसलेला. वहिनी म्हणाली तसाच आपुलकीचा. एखाद्याला अंधारात पायरी दाखवावी, तसा.

"राजा मरतोय," मी म्हणालो. सासूबाईंचं बोट खाली आलं. मेहुण्याने टाळी वाजवली. वहिनी माझ्याकडे बघून रडत हसली, कारण तिला कळलं होतं. मीही हसलो. अखेर मला मिळालं होतं. इतक्या वर्षांनी!

खुर्चीत बसल्यावर मला एक गोष्ट जाणवली. आवाज सुंदर होता, पण तो मला ओळखता आला नव्हता. रस्त्यात कोणी परक्या बाईने तसं बोलून मला बाजूला केलं असतं, तरी मी मागे वळून पाहिलं नसतं.

८

चहा पुन्हा झाला. सासूबाई आणि वहिनी आत कप धूत होत्या, मेहुणा गाडी काढायला खाली गेला. टेबलाशी मी आणि बाबा. बाहेर अजून ऊन होतं. पडद्याच्या खालच्या काठाशी, जिथे तो फरशीला टेकत नाही, तिथे काहीतरी किंचित सरकलं. या पायावरचं वजन त्या पायावर घ्यावं तेवढंच. मी लगेच नजर वर घेतली.

बाबांनी माझा हात धरला. "तुम्हाला पण सांगते ना ती?"

"हो, बाबा."

"फार गुणी बाई आहे," ते पडद्याकडे बघत म्हणाले. "सारखी उभी असते बिचारी. खुर्ची दिली तरी घेत नाही. मला दिवसभर सांगते, चहा कधी घ्यायचा, दार कुठे आहे. तिच्यामुळे चाललंय माझं." मग त्यांनी आवाज खाली आणला. "पण विचारायची लाज वाटते हो. कोण आहे ती? कुणाची कोण?"

त्यांची मुलगी होती. माझी बायको होती. निदान हे तरी मी त्यांना नीट, मानाने सांगावं, तिचं पूर्ण नाव घेऊन सांगावं, असं मला वाटलं. त्या माणसाने एके काळी बस थांबवून सगळ्यांना तिच्या पाया पडायला लावलं होतं. त्यांच्यासाठी एवढं तरी मी करायलाच हवं होतं. मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि नाव सांगायला तोंड उघडलं.

माझा श्वास वर गेला.

बाबांनी समजुतीने मान हलवली आणि डावीकडे कान दिला. मीही दिला.

पडद्याआडून दोन शब्द आले. आधी तिचं नाव. पाठोपाठ माझं.